मधले तीन थांबे

मागच्या पावसाळ्याच्या आधी आमच्या फाट्यावरचा रस्ता मोठा झाला. रस्ता चांगला झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण काम उरकल्यावर लक्षात आलं की एस.टी.चा थांबा जुन्या वडाखालून उचलून पुलाच्या पलीकडे नेला आहे. कडेवर मूल, हातात पिशवी, डोक्यावर गटाच्या पापडांचा डबा, असं सगळं सांभाळत आता तेवढं जास्त चालायचं. चौकशीला गेलो तर तिथले साहेब म्हणाले, "ताई, नकाशात तसंच होतं. तेव्हा का नाही बोललात?" तेव्हा आम्हाला कुणी नकाशा दाखवला नव्हता. आणि खरं सांगायचं तर आम्ही मागितलाही नव्हता.

तेव्हापासून आम्ही सहयोगिनी रस्त्यांच्या गोष्टी गोळा करतो आहोत. रस्ता कुणी आखला, तो कुणाच्या दारातून गेला, थांबा कुठे द्यायचा हे कुणी ठरवलं, असं जिथे सापडेल तिथे वाचायचं आणि मासिक बैठकीत एकमेकींना सांगायचं. त्यातलीच एक गोष्ट आज सांगायची आहे. ती आहे अमेरिकेतली. इतकी लांबची कशाला, असं आमच्याच बैठकीत एकीने विचारलं. पण गोष्ट संपल्यावर तीच म्हणाली, ही रेडिओवर सांगा.

अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा नावाचं राज्य आहे. तिथे मिसिसिपी नदीच्या काठाने दोन शहरं शेजारी शेजारी आहेत, मिनियापोलिस आणि सेंट पॉल. सेंट पॉल ही राज्याची राजधानी. आपल्याकडे पुणे आणि पिंपरी-चिंचवड कसं लागून आहे, तसंच म्हणा. थंडी मात्र अशी की हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो आणि रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग महिनोन् महिने पडून राहतात. ही थंडी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. या दोन शहरांना जोडणारा एक जुना, रुंद रस्ता आहे, युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यू. आपली गोष्ट त्याच रस्त्याची.

हा रस्ता सगळा उकरून नव्याने बांधायचा आणि त्याच्या मधोमध लाइट रेल टाकायची असं ठरलं. लाइट रेल म्हणजे मुंबईच्या लोकलसारखी जाडजूड गाडी नाही. विजेवर चालणारी, दोन-तीन डब्यांची, रस्त्यातच टाकलेल्या रुळांवरून चौकाचौकातले सिग्नल पार करत जाणारी गाडी. ट्रामची नात म्हटलं तरी चालेल. मुंबईत ट्राम होती, ती १८७४ मध्ये घोड्यांवर सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. आपल्यातल्या कुणाची आजी परळ-दादरकडे राहिली असेल तर तिने ट्रामच्या गोष्टी सांगितल्या असतील. युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरूनही १८९० पासून दोन्ही शहरांना जोडणारी विजेची ट्राम जात होती. १९५४ पर्यंत तिथल्या सगळ्या ट्राम बंद करून बस आणल्या. ट्राम मोडीत काढणाऱ्या त्या कंपनीच्या प्रमुखाला पुढे घोटाळ्याबद्दल शिक्षाही झाली. रूळ गेले ते गेलेच.

आता थोडं बाजूला जाऊ या, कारण त्याच काळात शेजारी दुसरा एक रस्ता आखला जात होता. त्याची हकिकत कळल्याशिवाय पुढचं भांडण समजणार नाही.

युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूच्या थोडं दक्षिणेला रोंडो नावाची वस्ती होती. सेंट पॉलमधले बहुतेक काळे लोक तिथे राहत. रेल्वेत हमाली करणारे, डब्यात प्रवाशांची सेवा करणारे, शिक्षक, दुकानदार, न्हावी, चर्चचे पाद्री. श्रीमंत म्हणावी अशी वस्ती नव्हती, पण बऱ्याच जणांची स्वतःची घरं होती, आणि एका काळ्या कुटुंबाचं स्वतःचं घर असणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. शहरात इतर ठिकाणी त्यांना घर विकायलाच लोक तयार नसत.

१९५६ मध्ये अमेरिकेत महामार्गांचा मोठा कायदा झाला. ९० टक्के पैसे केंद्र सरकार देणार. आता राज्यांनी भराभर रस्ते बांधायचे. दोन्ही शहरांना जोडणाऱ्या महामार्गासाठी दोन वाटा समोर होत्या. शहराचे जुने नियोजन अभियंता जॉर्ज हेरॉल्ड यांचं म्हणणं होतं की तो उत्तरेला, रेल्वेच्या रुळांच्या कडेने न्यावा. तिथे घरं कमी पाडावी लागतील, माणसं कमी उठवावी लागतील. वस्तीतून रस्ता नेऊ नका, असं ते सांगत राहिले. पण सरकारने दुसरी वाट धरली आणि ती रोंडोच्या मधून गेली. १९५६ पासून १९६८ पर्यंत घरं घेणं, पाडणं, खणणं चाललं. सहाशेच्या वर कुटुंबांची घरं गेली. जॉर्ज डेव्हिस नावाच्या वयोवृद्ध पाद्रीने घर सोडायला नकार दिला तेव्हा पोलिसांनी येऊन त्यांना बाहेर काढलं. घर गेलं त्याचे पैसे मिळाले, पण ते कमी होते असं लोक पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले. आणि पैसे घेऊन जायचं कुठे, हा प्रश्न होताच.

हे ऐकताना आमच्या बैठकीत दोघी जणी गप्प झाल्या होत्या. त्यांची माहेरं धरणात गेलेली आहेत.

महामार्ग झाल्यावर गंमत अशी झाली की युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूचीही रया गेली. सगळी वाहतूक खालच्या मोठ्या रस्त्यावरून सुसाट जायला लागली, दुकानं ओस पडली. मग १९७५ नंतर तिथे नवी माणसं आली. व्हिएतनाम आणि लाओस या देशांतल्या युद्धातून जीव वाचवून आलेली. त्यात हमोंग लोक खूप. लाओसच्या डोंगरातले शेतकरी. त्यांच्या बायका कापडावर फार सुंदर भरतकाम करतात, त्याला त्या पांदाऊ म्हणतात. निर्वासितांच्या छावणीत असताना युद्धाच्या, नदी पार करून पळून येण्याच्या गोष्टी त्यांनी सुईदोऱ्याने कापडावर काढल्या आणि ती कापडं विकून संसाराला हातभार लावला. सेंट पॉलला आल्यावर कुणी भाजी पिकवून तिथल्या शेतकरी बाजारात विकू लागलं, कुणी या रस्त्यावर भाड्याने गाळा घेऊन किराणा, खानावळ, शिलाई, केस कापायचं दुकान काढलं. पडक्या रस्त्यावर पुन्हा दिवे लागले ते या लोकांमुळे. सरकारची कुठलीही मोठी योजना त्यामागे नव्हती.

अशा रस्त्यावर २००६ मध्ये लाइट रेल आणायचं ठरलं. त्याआधी २००४ मध्ये मिनियापोलिसमध्ये पहिली लाइट रेल सुरू झाली होती आणि ती लोकांना आवडली होती. आता दोन्ही शहरं जोडायची. योजना आखणारी संस्था होती मेट्रोपॉलिटन कौन्सिल, म्हणजे त्या सगळ्या भागाची प्रादेशिक परिषद. नकाशा बाहेर आला. रोंडोचे उरलेले लोक, हमोंग, व्हिएतनामी, गरीब गोरे, सगळ्यांनी तो पाहिला.

नकाशात विद्यापीठाकडच्या भागात थांबे जवळजवळ होते. पण सेंट पॉलच्या पूर्वेकडच्या भागात स्नेलिंग, लेक्सिंग्टन, डेल, राइस असे चार मोठे चौक, आणि प्रत्येक दोन चौकांमध्ये एक एक मैलाचं अंतर. एक मैल म्हणजे आपला दीड किलोमीटरहून थोडा जास्त. मधले तीन चौक, हॅमलिन, व्हिक्टोरिया आणि वेस्टर्न, सोडून दिले होते. गाडी तिथून जाणार होती, थांबणार नव्हती. आणि सोडलेले हे तीन चौक बरोबर त्या वस्त्यांचे होते जिथे गरीब लोक, काळे लोक, परदेशातून आलेले लोक जास्त, आणि ज्यांच्या दाराशी मोटार नाही अशी घरंही जास्त.

तिथल्या लोकांनी विचारलं, असं का? उत्तर मिळालं, हिशोब तसा आहे.

हा हिशोब आम्ही दोन वेळा वाचला तेव्हा कुठे कळला, म्हणून जरा सावकाश सांगतो. निम्मे पैसे केंद्र सरकार देणार होतं. २००५ पासून केंद्राचा नियम असा कडक झाला होता की प्रकल्प खर्चाच्या मानाने किती फायदेशीर आहे, याचा एक आकडा काढायचा. वर्षाचा खर्च एकीकडे, आणि प्रवाशांचा जो वेळ वाचतो त्याचे तास दुसरीकडे. वाचलेल्या एका तासाला किती डॉलर पडले ते पाहायचं. तो आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की केंद्राचे पैसे मिळणं अवघड. आता एक थांबा वाढवला की काय होतं? खर्च वाढतो, एका थांब्याला पन्नासेक लाख डॉलर. आणि गाडी तिथे थांबली की आतल्या सगळ्या प्रवाशांचा थोडा थोडा वेळ जातो, म्हणजे वाचलेले तास कमी होतात. दोन्हीकडून आकडा बिघडतो. त्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या नोकरदाराचं एक मिनिट त्या आकड्यात ठळक दिसत होतं, आणि मधल्या वस्तीत ज्यांच्या घरी मोटारच नाही त्यांची गरज त्यात नीट उमटतच नव्हती.

त्यात आणखी एक गोम होती. या रस्त्यावर १६ नंबरची बस होती. ती जवळजवळ प्रत्येक चौकाला थांबायची. तिच्याच जिवावर त्या वस्तीतल्या बायका कामावर, दवाखान्यात, बाजारात जात. रेल आली की या बसच्या फेऱ्या कमी करायच्या, असं योजनेत होतं. म्हणजे मधल्या चौकातल्या बाईची बस कमी होणार आणि तिला गाडीही मिळणार नाही. बर्फातून दोन बाजूंपैकी एका थांब्याला चालत जायचं. अगदी मधोमध राहणारीला एका बाजूने आठशे मीटर, तेवढंच परत. तेही मुख्य रस्त्यावर घर असलं तर. आतल्या गल्लीतून निघाली तर आणखी जास्त.

अधिकारी वाईट होते असं आम्हाला वाटत नाही. त्यांची भीती खरी होती. आकडा बिघडला आणि केंद्राने हात वर केले तर सगळी गाडीच रद्द. पण रोंडोच्या म्हाताऱ्या माणसांनी असा युक्तिवाद एकदा ऐकलेला होता. तेव्हाही सांगितलं होतं की रस्ता सगळ्यांच्या भल्याचा आहे.

मग लोक एकत्र आले. वस्तीच्या समित्या, चर्चमधली मंडळं, काळ्या लोकांच्या आणि आशियाई लोकांच्या संस्था, घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या. त्यांनी आघाडी केली, तिचं नाव 'स्टॉप्स फॉर अस', म्हणजे आमच्यासाठी थांबे. नाव किती साधं आहे बघा. त्यांनी रेलला विरोध केला नाही, हे आम्हाला फार शहाणपणाचं वाटलं. गाडी हवीच आहे, पण ती आमच्या दारात थांबली पाहिजे, एवढंच मागणं. जनसुनावण्यांना माणसं नेली. बस कोण वापरतं, चालत कोण जातं याची माहिती मांडली. आणि कायद्याचा आधार घेतला. अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही कामात वंशावरून भेद करता येत नाही. तेव्हा १९९४ चा अध्यक्षांचा एक आदेशही लागू होता की प्रकल्पांचा जास्तीचा त्रास गरिबांवर आणि अल्पसंख्याकांवर पडतो का हे तपासावं. आघाडीचं म्हणणं होतं की हे तपासा, आणि मग सांगा की नेमके हेच तीन चौक कसे सुटले.

पहिल्या झटक्यात काही मिळालं नाही. २००८ मध्ये कौन्सिलने एक अर्धी गोष्ट मान्य केली. आत्ता थांबे बांधणार नाही, पण रस्ता खणू तेव्हा या तिन्ही ठिकाणी जमिनीखालची कामं करून ठेवू. म्हणजे पुढे कधी पैसे आले तर थांबा वर चढवता येईल, रस्ता पुन्हा फोडावा लागणार नाही.

आमच्या मते सगळ्या गोष्टीतली ही सर्वात शिकण्यासारखी जागा. ऐकायला ती तोंडाला पाने पुसल्यासारखी वाटते. आमच्यातल्या काही जणी म्हणाल्याही, जमिनीखालचा थांबा घेऊन काय करायचं? पण विचार करा. रस्ता एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत उकरला जाणार होता. गटारं, पाण्याच्या वाहिन्या, तारा, पदपथ, रूळ, सगळं एकदाच घालायचं. असा रस्ता पुन्हा पन्नास वर्षं कुणी उघडत नाही. रूळ कुठे वळतील, फलाटाला जागा किती सुटेल, हे त्या नकाशात नसेल तर पुढे कितीही मोर्चे काढा, अभियंता म्हणणार की जागाच नाही. आघाडीने मिळालं ते घेतलं आणि मागणं सोडलं नाही.

दरम्यान दिल्लीसारखंच तिथेही वरचं सरकार बदललं. जानेवारी २०१० मध्ये केंद्राचे वाहतूक मंत्री रे लाहूड यांनी जाहीर केलं की तो एकच आकडा आता सगळं ठरवणार नाही. लोकांच्या राहणीमानावर, पर्यावरणावर, वस्तीच्या विकासावर काय परिणाम होतो हेही पाहिलं जाईल. आणि त्याच महिन्यात युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूच्या नकाशात हॅमलिन, व्हिक्टोरिया, वेस्टर्न हे तिन्ही थांबे आले. देशभरातून नियमाबद्दल तक्रारी होत्या, फक्त या वस्तीमुळे नियम बदलला असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण नियम बदलला त्या दिवशी यांची मागणी कागदावर तयार होती आणि जमिनीखालची जागाही राखलेली होती. दुसरीकडे कुठे तशी तयारी नसेल तिथे नियम बदलूनही काय उपयोग झाला असता?

इथे एक गंमत सांगायचा मोह होतो, आपण रेडिओवाल्या आहोत म्हणून. या रेलच्या वाटेवर सेंट पॉलमध्ये मिनेसोटा पब्लिक रेडिओचं केंद्र आहे. गाडीच्या धडधडीने आमच्या ध्वनिमुद्रणात व्यत्यय येईल, अशी त्यांची तक्रार होती. विद्यापीठाचंही म्हणणं होतं की आमच्या प्रयोगशाळेतली नाजूक यंत्रं हलतील. दोघांच्या तक्रारी खऱ्या होत्या आणि दोन्ही ठिकाणी रुळांखाली कंप शोषून घेणारी व्यवस्था करायचं ठरलं. त्यासाठी त्यांनाही भांडावं लागलं, पण त्यांच्याकडे वकील होते, तज्ज्ञ होते. आमचा स्टुडिओ ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत आहे आणि बाहेर ट्रॅक्टर गेला की आम्ही बोलणं थांबवतो. त्यामुळे त्या रेडिओवाल्यांची अडचण आम्हाला कळते, आणि व्हिक्टोरिया चौकातल्या बाईचीही.

थांबे मिळाले म्हणून सगळं झालं नाही. खरा त्रास पुढे होता. रस्ता नव्याने बांधायला घेतला. २०११ मध्ये पश्चिमेकडचा भाग, २०१२ मध्ये पूर्वेकडचा. अर्धा रस्ता खणायचा आणि उरलेल्या अर्ध्यावरून दोन्ही दिशांची वाहतूक काढायची. दुकानासमोर खड्डा, धूळ, कुंपण. गिऱ्हाईक यायचं कसं? आणि कायमचा बदल असा की मधे रूळ, दोन्ही बाजूंना मोटारींच्या दोन दोन रांगा ठेवायच्या, मग रस्त्याच्या कडेला गाड्या उभ्या करायला जागा कुठून आणणार? रस्त्यावरच्या पार्किंगच्या सुमारे ८५ टक्के जागा गेल्या. मोठ्या दुकानांच्या मागे स्वतःचं मैदान असतं. खानावळ, किराणा, शिलाईवाल्यांचं गिऱ्हाईक तर समोर गाडी लावूनच आत येतं.

हे आधीच दिसत होतं. म्हणून काही स्थानिक संघटना आणि दुकानदार कोर्टात गेले. त्यात नॅशनल असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या काळ्या लोकांच्या जुन्या संघटनेची सेंट पॉल शाखाही होती. त्यांचं म्हणणं होतं की पर्यावरणाचा अहवाल केला त्यात झाडं मोजली, आवाज मोजला, पण बांधकाम चालू असताना लहान दुकानांचं उत्पन्न किती बुडेल हे नीट मोजलंच नाही. जानेवारी २०११ मध्ये न्यायाधीश डोनोव्हन फ्रँक यांनी एवढं मान्य केलं की अहवाल या बाबतीत अपुरा आहे, तो पुरा करा. काम मात्र थांबवलं नाही. म्हणजे खड्डा चालू, आणि खड्ड्याने काय बुडेल याचा अभ्यासही चालू.

लहान दुकानदारांसाठी सुमारे ४० लाख डॉलरचा एक निधी काढला गेला. एका दुकानाला जास्तीत जास्त वीस हजार डॉलर कर्ज, आणि काही वर्षं त्याच रस्त्यावर धंदा टिकवला तर ते माफ. आपल्याला कर्जमाफीचं नाव माहीत आहे, पण ही अट वेगळी आहे, टिकून राहण्याची. पैसे कमी पडतात अशी ओरड झालीच. बांधकामाच्या काळात कौन्सिलने कुठली दुकानं बंद झाली, कुठली उघडली याची नोंद ठेवली, आणि उघडलेल्यांचा आकडा बंद झालेल्यांपेक्षा थोडा जास्त निघाला. अधिकाऱ्यांनी तो आकडा समाधानाने सांगितला. आम्ही गटांच्या वह्या रोज तपासतो, त्यामुळे एवढं नक्की सांगू शकतो की दहा जणी गेल्या आणि नव्या अकरा आल्या तर वहीत सभासद वाढलेले दिसतात. गेलेल्या दहा कुठे गेल्या ते वही सांगत नाही.

वेस्टर्न चौकाच्या आसपासच्या आशियाई दुकानदारांनी मात्र बांधकाम चालू असतानाच एक चांगली युक्ती केली. आपल्या पाच-सहा चौकांच्या पट्ट्याला त्यांनी २०१२ मध्ये 'लिटल मेकाँग' असं नाव दिलं. मेकाँग ही त्यांच्या मायदेशातली नदी. नावाची पाटी लागली, एकत्र जाहिरात झाली, पुढे रात्रीचा बाजार भरू लागला. ज्या चौकात गाडी थांबणारच नव्हती, त्या चौकाच्या नावावर आता लोक जेवायला येऊ लागले.

१४ जून २०१४ ला गाडी सुरू झाली. तिला ग्रीन लाइन म्हणतात. सुमारे १८ किलोमीटर, २३ थांबे, त्यातले १८ नवे. खर्च ९५ कोटी ७० लाख डॉलर. २०१५ मध्ये कामाच्या दिवशी सरासरी ३७ हजारांच्या आसपास फेऱ्या होत होत्या. इतका प्रवास तिथे व्हायला आणखी बरीच वर्षं लागतील असा योजना करणाऱ्यांचा अंदाज होता. रस्ता नवा झाल्यावर आसपासची घरभाडी वाढणार, ही वस्तीची जुनी भीती होती आणि ती गाडी सुरू झाल्यावरही गेली नाही. भाडेकरूला नव्या थांब्याचा फायदा किती वर्षं मिळणार, हे भाडं ठरवतं. याचं उत्तर त्या रस्त्यावर अजून सापडलेलं नाही असं आम्हाला वाटतं.

आणि रोंडो? तिथून उठवलेल्या कुटुंबांनी १९८३ पासून दरवर्षी 'रोंडो डेज' नावाचा मेळावा भरवायला सुरुवात केली होती. मिरवणूक, जेवण, जुन्या शेजाऱ्यांच्या भेटी. जुलै २०१५ मध्ये, म्हणजे गाडी सुरू झाल्यावर वर्षभराने, सेंट पॉलचे महापौर आणि राज्याच्या वाहतूक खात्याचे प्रमुख यांनी त्या लोकांसमोर उभं राहून महामार्गाबद्दल जाहीर माफी मागितली. घरं पाडायला लागली तेव्हा जी मुलं होती ती तेव्हा साठी-सत्तरीला आलेली. २०१८ मध्ये तिथे रोंडोच्या आठवणीसाठी एक लहान चौक बांधला. महामार्गावर छप्पर घालून त्यावर पुन्हा वस्ती, बाग, रस्ते करावेत आणि तुटलेले दोन भाग जोडावेत, अशीही मागणी तिथले लोक करतात.

बैठकीत ही गोष्ट झाल्यावर आमच्यातल्या सर्वात वयस्क काकू म्हणाल्या, "म्हणजे आपल्या फाट्याच्या पुढचा टप्पा अजून खणायचा आहे ना?" तो खरंच बाकी आहे. तीन गावांना लागणारा आहे. त्याच आठवड्यात आमच्या ग्रामसंघाने ठराव केला आणि त्या टप्प्याच्या नकाशाची प्रत मिळावी म्हणून माहिती अधिकारात अर्ज दिला. सोबत एक तक्ता जोडला. कुठल्या वस्तीतून रोज किती जणी एस.टी. धरतात, किती शाळेतल्या मुली, किती गरोदर बायका, कुठे रस्ता ओलांडावा लागतो. मोजायला आम्ही सकाळी सहापासून आळीपाळीने वडाखाली बसलो होतो. नकाशा आला की तो याच कार्यक्रमात चौकाचौकाने वाचून दाखवू. तोपर्यंत पुलापलीकडच्या वस्तीतल्या मैत्रिणींनी आपला आकडा गटाच्या सचिवांकडे द्यायचा आहे. तेवढा एकच राहिला आहे.